भगवानराव कंडक्टरांचा आवाज

औशाच्या बसस्टँडवरून किल्ल्यामागच्या गल्लीत जायला सरळ वाट पाच मिनिटांची. अंगद मेस्त्रीला मात्र तिथं पोचायला पंधरा मिनिटं लागायची. आधी भाजीबाजाराला वळसा, मग शाळेच्या भिंतीकडेनं, मग पिठाच्या गिरणीमागून. कारण मधल्या वाटेवर भगवानराव कंडक्टरांचं घर होतं, आणि त्या घराच्या ओसरीत त्यांची बायको धुरपताकाकू बसलेली असायची. ओळखीचं माणूस दिसलं की हाक ठरलेली, "अंगदा, च्या घेऊन जा रे बाबा!" चांगला चाळिशीतला, दोन लेकरांचा बाप, गावात ज्याला मेस्त्री म्हणून मान, असा हा बाप्या त्या चहाच्या हाकेला भिऊन दोन वर्षं वळसे घालत होता. बायको, सिंधु, एकदा म्हणाली, "पेट्रोल काय झाडाला लागतंय व्हय ओ? सरळ रस्त्याला काय झालं?" तर हा तिच्यावरच खेकसला. मग दिवसभर तिच्याकडं बघायची चोरी.

तो कसला मेस्त्री, ते आधी सांगतो. रेडिओ, टीव्ही, डिश अशा पायऱ्या उतरत की चढत तो आता टीव्हीच्या डब्यापाशी आला होता. हल्ली घरोघरी टीव्हीला छोटा डबा असतो. वायफायवर पिक्चर दाखवतो, पेन ड्राइव्ह खोचला की घरचं शूटिंगही दाखवतो. दाखवतो म्हणजे, त्याच्या मनात आलं तर दाखवतो. पुण्याच्या पोरानं नव्या फोनमधून पाठवलेला नातवाचा व्हिडिओ आजोबांनी हौसेनं लावावा, तर पडदा काळा कुळकुळीत आणि आतून नुसतं बाळ रडतंय! लोक मग डब्याला थापट्या मारतात, पेन ड्राइव्हवर फुंकर घालतात, केबलवाल्याच्या नावानं शंख करतात, आणि शेवटी अंगदला फोन लावतात. अंगद दारातूनच ओरडायचा, "मारू नका त्याला! त्या गरिबाचा काय गुन्हा न्हाई." तो सगळ्यांना एकच गोष्ट सांगायचा. व्हिडिओ म्हणजे एका गाठोड्यात बांधलेल्या दोन वस्तू, चित्र एक आणि आवाज एक. बांधणाऱ्यानं नव्या पद्धतीची गाठ मारली आणि डबा जुना असला, की त्याला ती सुटत नाही. अंगद तो व्हिडिओ घरी न्यायचा, कॉम्प्युटरवर जुन्या पद्धतीत बांधून आणायचा. नातू पडद्यावर दिसला की आजी इकडं कडाकडा बोटं मोडायची आणि अंगदच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवायची.

चित्राच्या गाठी त्याला सगळ्या यायच्या. आवाजाची गाठ मात्र तोवर कधी समोर आली नव्हती, आणि पहिल्यांदा आली ती नेमकी भगवानरावांच्या घरी.

भगवानराव तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. "लामजना, किल्लारी, उमरगाऽऽ" अशी आरोळी त्यांनी ठोकली की स्टँडवर झोपलेली माणसं, कुठं जायचं नसलं तरी, दचकून उठून उभी राहायची. रिटायर झाले आणि गावातल्या लग्नांचा माईक त्यांच्या हातात गेला. आमच्याकडं अक्षदा वेळेवर पडत नाहीत, हे काय तुम्हाला नव्यानं सांगायचं! मुहूर्त बारा छत्तीसचा, आणि सव्वा वाजला तरी स्टेजवर टॉवेल-टोपी चालूच. एकेकाचं नाव माईकवर पुकारायचं, त्यानं नको-नको करत वर यायचं, टोपी डोक्यावर आणि टॉवेल खांद्यावर घेऊन खाली उतरायचं. एखाद्याचं नाव राहिलं तर तो पुढची तीन वर्षं तोंड फिरवून जातो. भगवानरावांच्या हातून नाव कधी राहिलं नाही.

स्वतःच्या पोरीचं, पुनमचं लग्न निघालं, तरी गड्यानं माईक सोडला नाही. धुरपताकाकू म्हणाली, "नवरीचा बाप हाव, जरा डोळ्याला रुमाल तरी लावा!" तर म्हणाले, "रडतो की. एवढी यादी होऊ दे आदी."

अंगद त्या लग्नाला होता. पण पहिल्या पंगतीला जेवून, हात धुऊन, एका गिऱ्हाइकाचा टीव्ही बघायला निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी भगवानराव स्वतः त्याच्या दारात हजर. हातात टॉवेल आणि टोपी. "पळून गेलास व्हय रे? तुझा मान राहिला होता," म्हणाले, टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, सिंधुच्या हातचं पाणी प्याले आणि गेले. असल्या टॉवेलांची आमच्याकडं घरोघर चळत असते. कुठला कुणाच्या लग्नातला, ते कुणाला सांगता यायचं नाही. अंगदनं तो टॉवेल कामाच्या पिशवीत टाकला. पडदे पुसायला बरा होता.

लग्नाचं शूटिंग शिरूर अनंतपाळच्या मल्लिनाथनं केलं होतं. तिशीतला, बारकासा, कमी बोलणारा माणूस. कॅमेरा नवा घेतलेला, काम झकास. जुलैत त्यानं पेन ड्राइव्ह पाठवला. पुनमचे सासू-सासरे त्या दिवशी मुद्दाम आले होते. भगवानराव शेतात गेलेले. त्यांच्या थोरल्या पोरानं, भागवतनं, पेन ड्राइव्ह डब्याला लावला. चित्र आलं, बघत राहावं असं. पण आवाज नाही. वाजंत्री गाल फुगवून वाजवतायत आणि घर चिडीचूप. भागवतनं रिमोटची बटणं दाबून दाबून खिळखिळी केली आणि अंगदला फोन केला.

अंगद आला. सवयीनं आधी टॉवेल काढून पडदा पुसला, मग व्हिडिओ पुन्हा लावला. खाली कोपऱ्यात इंग्रजीत एक ओळ आली आणि दोन सेकंदांत गेली. ऑडिओ हा शब्द त्याला कळला, सपोर्ट हाही कळला, मधलं कळलं नाही. पण एवढं उमगलं, की आवाज नसता तर डब्यानं आवाजाचं नावच काढलं नसतं. तो आत कुठंतरी होता.

"मला येत न्हाई, शिकून सांगतो." एवढंच म्हणायचं होतं. पाच शब्द! पण समोर सतरंजीवर व्याही, विहीण, भागवत, काकू, सगळे त्याच्या तोंडाकडं बघत बसलेले. व्याही भागवतला म्हणालेसुद्धा, "तुमचे मेस्त्री लई हुशार हाईत म्हणं." आणि अंगदच्या तोंडातून निघून गेलं, "आवाजच घेतला न्हाई की ओ ह्यानं. माईकचं बटण दाबायचं इसरला."

झालं. भागवत ताडकन उठला. त्यानं तिथंच मल्लिनाथला फोन लावून, लाज काढणं म्हणजे काय असतं ते व्याह्यांसमोर करून दाखवलं. पलीकडून मल्लिनाथ म्हणत होता, "आवाज हाय ओ दादा, माझ्या कॉम्प्युटरवर खणखणीत वाजतो." भागवत म्हणाला, "आमचे मेस्त्री समोर बसलेत. ते खोटं बोलतेत व्हय?" अंगद रिमोटच्या सेलचं झाकण काढत आणि बसवत बसला.

त्यानं व्हिडिओ घरी नेला. त्याच्या कॉम्प्युटरलाही आवाजाची ती गाठ सुटली नाही. मग त्यानं नुसतं चित्र ठेवलं आणि वर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सनई लावून दिली. आमच्याकडच्या लग्नाच्या शूटिंगवर सनई नाही तर गाणंच असतं, माणसांचं बोलणं ऐकतंय कोण? असं त्यानं स्वतःला समजावलं. पेन ड्राइव्ह भरलेला होता. नवं टाकायला जागा पाहिजे, म्हणून जुनं पुसलं. ही त्याची कामाची पद्धतच होती. गिऱ्हाइकाला एकच व्हिडिओ द्यायचा, दोन दिले की ते नेमका न चालणाराच लावतंय आणि पुन्हा फोन करतंय.

भगवानरावांनी तो सनईवाला व्हिडिओ बघितला. पडद्यावर आपण हातवारे करतोय, तोंड हलतंय आणि बाहेर सनई येतीय, हे बघून त्यांना इतकं हसू लोटलं की डोळ्यांतून पाणी आलं. "जाऊ द्या रे," म्हणाले, "माझा आवाज काय सोन्याचा हाय? रोज फुकट ऐकताव की!"

तेव्हा अंगदला वाटलं, सुटलो.

पण मल्लिनाथ सुटला नाही. भगवानराव घरी नसताना तो लॅपटॉप दाखवायला गेला, तर भागवतनं त्याला दारातनंच हाकललं. भागवतनं ज्याला-त्याला सांगितलं, व्याह्यांनी त्यांच्या गावात सांगितलं. मल्लिनाथचं नाव पडलं मुका मल्लिनाथ. दिवाळीनंतरच्या लग्नांच्या ऑर्डरी एकेक करून फिरल्या. एक दिवस तो लॅपटॉप घेऊन अंगदच्या दुकानात आला. भांडायला नाही. हात जोडल्यासारखा उभा राहून म्हणाला, "मेस्त्री, दोन मिनटं ऐका फक्त. तुमी सांगितलं तर लोक मानतील." लॅपटॉप त्याच्या काखेत होता. उघडला असता तर आवाज आला असता, हे अंगदला पक्कं माहीत होतं. तो उघडू नये म्हणून अंगद म्हणाला, "मला टाइम न्हाई. गिऱ्हाईक खोळंबलंय." दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मल्लिनाथनं रिकाम्या बाकड्याकडं बघितलं, अंगदकडं बघितलं आणि निघून गेला.

नोव्हेंबरात भगवानराव गेले. सकाळी अंगणात उभे होते, छातीला हात लावून खाली बसले, आणि संपलं. तेराव्याला धुरपताकाकूनं अंगदला बाजूला घेऊन विचारलं, "त्या लग्नाच्या शूटिंगमदी कुठं तरी यांचा आवाज घावतो का रे? फोन तर साधा होता यांचा, त्यात काय न्हाई." अंगद म्हणाला, "न्हाई काकू. घेतलाच न्हाई ना त्यानं." ही थाप दुसऱ्यांदा मारताना पहिल्यापेक्षा जड गेली. बाहेर येऊन त्यानं चूळ भरली.

जानेवारीत मुखेडचे एक गुरुजी डबा घेऊन आले. चित्र आहे, आवाज नाही, आणि कोपऱ्यात तीच इंग्रजी ओळ. आता अंगद ती ओळ फोनमध्ये घालून शोधत बसला. इलाज काय निघाला माहीत आहे? डब्यात व्हिडिओ लावायचं दुसरं ॲप टाकायचं. बास. दोन मिनिटांचं काम, चकटफू. गुरुजींच्या व्हिडिओतला पोवाडा दुकानभर घुमला. गुरुजी "वा मेस्त्री, वा!" करत होते आणि अंगद पडद्याच्या त्या कोपऱ्याकडं बघत बसला होता.

त्या दिवसापासून त्यानं वळसे घालायला सुरुवात केली. पुसलेलं परत आणायचं म्हणून काय काय करून बघितलं. भागवतकडून मागवून घेतलेल्या पेन ड्राइव्हवर त्यानंच सनई ओतून ठेवली होती, खालचं काही हाती लागेना. मल्लिनाथकडं असेल का, हा विचार रोज यायचा. त्याच्या बिलाखाली छापलेलं होतं, सहा महिन्यांनंतर शूटिंगची जबाबदारी नाही. म्हणजे पुसलं असणार, असं अंगद स्वतःला सांगायचा. विचारायचं तर तोंड दाखवावं लागलं असतं, आणि तेच तर त्याला नको होतं. भित्रा! दुसरा शब्द नाही.

गेल्या महिन्यात पुनम बाळंतपणाला माहेरी आली, मुलगा झाला. बारशाच्या आदल्या आठवड्यात धुरपताकाकू काठी टेकत थेट अंगदच्या दुकानात आली.

"वाट इसरलास व्हय रे आमच्या घराची?"

अंगद उठून उभा राहिला. "कामं लई झालीत काकू."

"असू दे, असू दे. काम असावं माणसाला." ती बाकड्यावर बसली. "नवीन नवीन मशिनी निघाल्यात म्हणं आता. त्या शूटिंगमदनं आवाज काडता येतो का बघ की. नातवाच्या कानावर आज्याचा आवाज पडू दे एकदा." मग काठी बाकड्याला टेकवली. "आन् खरं सांगू का, मलाच आठवंना झालाय रे. निजताना रोज आठवून बघती. चेहरा येतो, चालणं येतं, आवाज काय येत न्हाई. चाळीस वर्सं ऐकला, आन् दोन वर्सांत गेला बघ. कुणाला सांगावं वाटत न्हाई, लाज वाटती."

लाज तिला वाटत होती! अंगदला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तो कसाबसा म्हणाला, "बघतो काकू." ती गेल्यावर दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी निलंग्याला बस बदलून तो शिरूर अनंतपाळला पोचला. मल्लिनाथचं दुकान विचारायला लागलं तेव्हा कळलं की ते आता फोटोचं दुकान राहिलेलं नाही. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, आधारची प्रिंट. भिंतीच्या खिळ्याला कॅमेऱ्याची बॅग टांगलेली होती, तिच्यावर धूळ. दुकानातच घर. मल्लिनाथनं वर बघितलं, ओळखलं, आणि हातातला फॉर्म पुरा भरला. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, "बसा."

अंगद प्रवासात पाठ केलेलं सगळं विसरून गेला. "ते लग्नाचं शूटिंग," तो म्हणाला. "पुसलं असंल ना?"

"बाकीची सगळी पुसतो. जागा लागती." मल्लिनाथनं खालच्या खणातून एक हार्ड डिस्क काढली, कापडात गुंडाळलेली. "हे न्हाई पुसलं. कुणी तरी इचारायला येईल म्हणलं."

"मला तवा कळलं न्हाई रे."

"मी दुकानात आलतो तवाबी?"

अंगद काय बोलणार, डोंबल!

मल्लिनाथनं कॉपी लावली. व्हिडिओ मोठा, हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. दोघंही तिच्याकडं बघत बसले. तेवढ्यात आतून त्याची आई, शरणम्मा, भाकरीचं ताट घेऊन आली. "पावना लांबून आला दिसतो. जेवा बाबा. कोन्च्या गावचे?"

"औशाचा."

तिचा हात जागीच थांबला. "औशाच्या लोकांनी आमच्या लेकराचं लई वाटोळं केलं बघा. खोटा आळ घातला. कॅमेरा खिळ्याला लागला तवापासून." मग तिनंच स्वतःला आवरलं. "पण तुमी कशाला वाईट वाटून घेताव? तुमी काय केलंय? जेवा, जेवा."

मल्लिनाथ हिरव्या पट्टीकडंच बघत होता. एक शब्द बोलला असता, हाच तो म्हणून नुसतं बोट दाखवलं असतं, तर अंगदला बरं वाटलं असतं. तो खाली मान घालून भाकरी चावत राहिला. अर्धी भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर ढकलली.

निघताना त्यानं विचारलं, "तिथं काय सांगू?"

"ते तुमचं तुमी बघा," मल्लिनाथ म्हणाला आणि पुढच्या माणसाचा फॉर्म हातात घेतला.

आणि काय सांगायचं ते अंगदनं बसमध्ये ठरवलंही. ऐका हं या माणसाची अक्कल! तो सांगणार होता, काकू, नवीन सॉफ्टवेअर आलंय, त्यातनं काढला आवाज. काकूला आवाज मिळतो, आपली अब्रू राहते. मल्लिनाथचं काय, तर त्याचं आता दुसरं दुकान चाललंय की. औसा येईपर्यंत त्याला ते जवळजवळ पटलं होतं.

त्या दिवशी तो सरळ वाटेनं काकूच्या घरी गेला. पुनम बाळाला मांडीवर घेऊन बसलेली, भागवत दाराशी टेकून. अंगदनं डब्यात नवं ॲप टाकलं, पेन ड्राइव्ह लावला, पिशवीतला टॉवेल काढून पडदा पुसला. आणि घरात भगवानराव बोलले.

"हॅलो, हॅलो. हां. बसून घ्या मंडळी, बसून घ्या. मागचे बाप्ये, बिड्या ओढत उभं राहू नका!"

पुनमच्या तोंडातून बारीक किंकाळीसारखं काही तरी निघालं. काकू बसल्या जागेवरून सरकत सरकत टीव्हीच्या पार पुढ्यात गेली आणि दोन्ही हात पडद्याला लावून बसली. "हाच. हाच रे," एवढंच म्हणत होती. भागवत भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. थोड्या वेळानं काकूनं वळून अंगदच्या गालावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. "काय मशीन काडली रे बाबा! तू हाईस म्हणून हे झालं बघ."

"नवीन आलंय, काकू," अंगद म्हणाला. "सॉफ्टवेअर." म्हणून झालं. सोपं गेलं.

पडद्यावर यादी चालू होती. शेषेराव आले, त्यांना टोपी. हणमंतराव आले, त्यांना टोपी. मग भगवानराव म्हणाले, "अंगद मेस्त्री! टीव्हीवाले अंगद मेस्त्री, स्टेजवर या."

काकू हसली. "तुला बोलवायलेत बघ."

"अंगद मेस्त्रीऽऽ! कुठं हाव? आमच्या घरातला माणूस हाय, लाजून बसला असंल." मांडवात हशा. "न्हाई का? गेला का? बरं. त्येचा टॉवेल बाजूला काडा, त्यो हिरव्या काठाचा. मी सोता नेऊन देतो घरी. मान राहिला न्हाई पायजे कुणाचा."

अंगदच्या हातात टॉवेल होता. काठ हिरवा. मधोमध भोक पडलेलं, कडेला डाग, पार पोतेरं झालेलं. त्यानं तो पाठीमागं लपवला, आणि लपवून काय करणार होता देव जाणे.

भगवानराव थांबले नव्हते. "आन् ओ शूटिंगवाले! ती मशीन ठेवा जरा. तुमीबी या वर." चित्र हललं, मग स्थिर झालं. कॅमेरा तसाच उभा सोडून मल्लिनाथ स्वतः चित्रात आला, लाजत, शर्ट खाली ओढत. भगवानरावांनी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला. "सकाळी सातपासनं उभं हाय हे लेकरू. पहिली पंगत उठली, वाजंत्रीवाले जेवले, ह्येला कुणी इचारलं न्हाई. मल्लिनाथ, जेवलास का बाबा?" मल्लिनाथनं मान हलवली. "बगा! जेवला न्हाई. भागवत, ह्येला आदी जेवू घाल. मग अक्षदा."

भागवत भिंतीपासून वळला. त्याचं तोंड बघवत नव्हतं. "ह्येनं तर म्हणलं होतं आवाज हाय म्हणून," तो पुटपुटला. "दारातनं हाकललं मी त्येला. बापानं जेवू घाल म्हणलं होतं, आन् मी हाकललं." मग अंगदकडं बघून म्हणाला, "पण तवा मशीनच नव्हती ना, मेस्त्री?"

भागवत त्याला वाट करून देत होता. हो म्हणायचं, की मिटलं.

"मशीन-बिशीन काय न्हाई," अंगद म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "आवाज पहिल्या दिवसापासनं होता. मला काडता येत न्हवता. येत न्हाई म्हणायची लाज वाटली तुमच्या पावण्यासमोर, म्हणून त्येच्यावर ढकललं. तुमच्या पेन ड्राइव्हवरचा मीच पुसला. तेराव्याला काकूनं इचारलं तवाबी खोटं बोललो. आत्ता बोललो तेबी खोटंच. हा मल्लिनाथनं जपून ठेवला होता. त्येच्याकडनंच आणला."

काकूनं रिमोट मागून घेतला आणि चित्र थांबवलं. ती ओरडली असती, हातातली काठी मारली असती, तर अंगदनं पाठ पुढं केली असती. ती नुसती त्याच्याकडं बघत राहिली.

"दोन वर्सं," ती म्हणाली. "दोन वर्सं मी रोज निजताना हुडकत होते रे अंगदा. आन् तुला ठावं होतं."

अंगद मटकन खाली बसला. टॉवेल तोंडाला लावून रडला, हमसून हमसून, लेकरासारखा. त्याला कुणी उगी उगी म्हणालं नाही, ते बरं केलं.

बऱ्याच वेळानं काकू म्हणाली, "लाव त्येला फोन. मोठ्यानं ऐकू येईल असा लाव."

अंगदनं डोळे पुसले, फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन सतरंजीवर मधोमध ठेवला. रिंग वाजली. "बोला मेस्त्री," मल्लिनाथचा आवाज आला. "चालला का?"

"चालला. सांगितलं मी," अंगद म्हणाला. "समद्यांसमोर सांगितलं. उद्या व्याह्यांच्या गावी जाऊन तिथंबी सांगतो."

काकूनं फोन उचलून तोंडाजवळ धरला.

"मल्लिनाथ, मी धुरपता. पुनमची आई. जेवलास का बाबा?"

काहीच ऐकू येईना. एवढा वेळ कुणी गप्प राहिलं की फोन कट झाला असंच वाटतं. भागवत फोनकडं हात करून काही बोलणार, तेवढ्यात काकूनं फोन कानाला लावला आणि दुसऱ्या हातानं त्याला थांबवलं.

"आवाज हाय," ती म्हणाली. "थांबा जरा."